मला अहोजाहो करत होते ते दिवस

आयुष्यात मला फार कुणी अहोजाहो केलं नाही. पुढे नर्स झाले, डोक्यावर पांढरी टोपी चढली, तरी खेड्यातल्या बायाबापड्या मला अगंतुगंच करायच्या. खरा मान मिळाला तो आठव्या वर्षी, आणि तोही आमच्याच घरात. एरवी "मेले, कुठं उंडारत हुतीस?" म्हणून माझ्यावर धावून येणारी आत्या हात जोडून मला विचारायची, "थोडं दही घेता का?"

मला देवी आल्या होत्या.

लढाईचे दिवस होते. वडील फौजेत होते. कुठे आहेत ते पत्र आलं की कळायचं. नेवाशापासून थोड्या अंतरावर, प्रवरेच्या काठाला आमचं गाव. घरात आत्या, आई, मी आणि माझा तान्हा भाऊ. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि घर ताब्यात घेतलं. आई तिच्यापुढे मान वर करायची नाही. भाकरी किती थापायच्या हेसुद्धा आत्या सांगायची.

देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी माणूस दर साली सायकलवरून यायचा. तो ओढ्यापाशी दिसला की गावातली पोरं गडप. मला आत्या कणगीत उतरवायची, म्हणजे धान्य साठवायच्या उंच टोपलीत, आणि वरून घोंगडी टाकायची. आत जुन्या बाजरीचा वास, थंडगार अंधार. मला तो खेळच वाटायचा. बाहेर आत्या त्या माणसाला शपथेवर सांगायची, पोरगी मामाकडे गेली म्हणून. सगळ्या गावाला वाटायचं आपण सरकारला काय बनवलं! दर साली बनत आपणच होतो.

त्या साली उन्हं तापायच्या सुमाराला मला ताप भरला. पाठ अशी दुखायची की कुणीतरी वरवंटा फिरवतंय असं वाटावं. भाऊ माझ्याच शेजारी झोपायचा, त्याची इवलीशी मूठ माझ्या केसांत असायची. मग एका सकाळी आईने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. आत्या आली, वाकून बघितलं, आणि पायातली वहाण काढून उंबऱ्याबाहेर ठेवली. "आई आल्यात घरी," ती म्हणाली. भावाला दुसऱ्या खोलीत नेलं.

तिथून पुढचं मला सलग आठवत नाही. जे आठवतं ते पाण्याखालून बघितल्यासारखं. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले, माझ्या अंगाखाली पाला अंथरला. वारा आला की डहाळ्यांची सावली भिंतीवर हलायची, आणि मला वाटायचं भिंत नदीत उभी आहे आणि मी तळाशी निजले आहे. वरून कुणीतरी बोलतंय, बांगड्या वाजतायत, पण ते सगळं फार लांब. अंगभर दाणे उठले होते. बोटांवर, ओठांवर, पापणीच्या कडेला. कधी मी तरंगत छपराला टेकायची आणि तिथून खाली पालापाचोळ्यात पडलेली ती मुलगी बघायची. तिची मला दया यायची, पण ती मी आहे हे काही केल्या पटायचं नाही.

घराचं सगळं वळणच बदललं होतं. फोडणी बंद, तेल बंद, कुणी मोठ्याने बोलायचं नाही. गल्लीतल्या बाया ओलेत्याने शितळादेवीच्या दगडावर तांब्या तांब्या पाणी ओतून यायच्या, म्हणजे आई निवेल. आणि माझ्या तोंडून जे निघेल तो देवीचा शब्द. मी बोरं मागितली. बोरांचे दिवस सरलेले, पण कुणीतरी कुठून तरी वाळलेली बोरं पैदा केली. एकदा आत्या देवीची गाणी म्हणत बसली होती, तिच्या आवाजाने माझं डोकं उठलं. मी म्हटलं, गप बसा. आत्या गप बसली! आमच्या घरात हे तोवर कुणाला साधलं नव्हतं.

सुख मात्र नव्हतं त्यात. आईसुद्धा मला "तुमी" म्हणायला लागली होती. ती अंग पुसायची, पाणी पाजायची, पण नजर जमिनीकडे. मला हाका मारून सांगावंसं वाटायचं, अगं मीच आहे, मला बाळ म्हण. जीभ सुजलेली, शब्द आतच विरघळायचे.

पुरळ उठून एखादा दिवस झाला असेल, तेव्हा देवी काढणारा गावात आला. आमच्या घरची बातमी त्याला वाटेतच लागली होती. तो अंगणात आला नाही. कुंपणाबाहेर उभा राहून त्याने शेजारणीकरवी निरोप धाडला. मुलीचं आता देवाच्या हाती, पण तान्ह्याला आजच्या आज टोचा. आज टोचलं तर बहुतेक वाचेल, मी पुन्हा येईन तोवर उशीर झालेला असेल. संध्याकाळपर्यंत चावडीपाशी आहे.

आत्याने साफ नाही सांगितलं. देवी घरात बसलेली असताना घरातल्या लेकराच्या अंगात लोखंड खुपसायचं म्हणजे तिला चालती हो म्हणण्यासारखं. ती जाईल, पण रागाने जाईल, आणि जाताना मुलीला घेऊन जाईल. आत्या हे दुष्टपणाने बोलत नव्हती. तिचा स्वतःचा मुलगा असाच गेला होता. सासरी त्याला देवी आल्या असताना जावेच्या पोराला टोचून आणलं आणि त्याच रात्री आत्याचा गेला. आता टोचण्याने काही तो गेला नव्हता, देवीच्या रोगानेच गेला होता. पण जिचं पोर गेलं तिला हे कोण सांगणार?

दुपारभर आई दुसऱ्या खोलीत भावाला मांडीवर घेऊन बसली होती म्हणे. ते मला मागाहून कळलं. मला आठवतं ते एवढंच, की भिंतीवरची सावली लांब झाली होती आणि आई आत आली. मागे दारात आत्या. आईने डोक्यावरून पदर घेतला, माझ्या अंथरुणाशी गुडघे टेकले, आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या आईने. माझ्या! तिचं कपाळ माझ्या तळव्यांना थंड लागलं, आणि मला भयंकर भीती वाटली.

"आई," ती मला म्हणाली, "तान्ह्याला टोचायला न्हेऊ का? तुमी रागावनार न्हाई ना?"

मला टोचणी माहीत नव्हती, लस माहीत नव्हती. मी तर कणगीतली मुलगी. पण भावाचं काहीतरी आहे, आणि ती रडत नाहीये म्हणजे फार रडायचं राहिलंय, एवढं त्या तापातही समजलं. मी कितीतरी वेळ वर येत राहिले, पाण्यातून वर, वर. आणि बोलले.

"न्या त्याला. मी न्हाई रागावनार."

देवीचाच हुकूम झाला. आत्यानेच कुंची आणून भावाच्या डोक्यावर बांधली. आई पळतच गेली असणार, कारण तिच्या जोडव्यांचा आवाज मला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

भावाच्या दंडावर चांगला टरारून फोड आला. थोडा ताप, थोडी किरकिर, बाकी काही नाही. मीही वाचले. खपल्या पडल्या, मला कडुलिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं, देवीला दहीभात दाखवून निरोप दिला, आणि दुसऱ्याच दिवशी आत्या माझ्यावर खेकसली. चेहरा मात्र चाळणी झाला. आरशात बघून मी आरसा आपटला होता.

पुढे नगरला नर्सिंग शिकताना एका पुस्तकात मी त्या विषाणूचं चित्र पाहिलं. साध्या सूक्ष्मदर्शकाने जो धड दिसायचाही नाही, त्याचा फोटो नव्या विजेच्या सूक्ष्मदर्शकाने काढला होता. कच्च्या विटांचा ढीग पडावा तसं काहीतरी. मी बघतच राहिले. हात नाहीत, तोंड नाही, राग नाही, लोभ नाही. आमच्या बाई शिकवायच्या की लागण झाल्यावरही पहिल्या काही दिवसांत टोचलं तर लस आजाराला गाठते, बहुधा मागेही टाकते. मी मनात म्हटलं, गाठलं होतं बाई, आमच्या चावडीपाशी.

कितीतरी वर्षांनी मी सुट्टीवर घरी गेले होते. आत्या तोवर गेली होती. ओसरीवर आई आणि मी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. भावाचं लग्न ठरलं होतं, त्याच्या गुळगुळीत तोंडाचं मुलीकडच्यांनी कौतुक केलं होतं, ते ती मला सांगत होती. सांगता सांगता थांबली.

"तू न्हाई म्हनली असतीस ना," ती म्हणाली, "तरी मी त्याला न्हेलं असतं."

मला कळायला वेळ लागला. तिचाही विश्वास होता ना देवीवर, आत्याइतकाच. देवी मला घेऊन जाईल हे तिला खरं वाटत होतं, आणि तरीही ती चावडीकडे गेली असती. मला लागलं. चांगलंच लागलं, खोटं कशाला बोलू? पण नोकरीतला शहाणपणा तोंडाशी तयारच होता.

"बरोबरच होतं ते," मी म्हटलं. "नर्स म्हणून मीही हेच सांगितलं असतं."

"नर्सला न्हाई सांगत मी. माझ्या लेकीला सांगते."

माझे हात थांबले. "लेकीला राग आलाय," मी म्हणाले.

"येऊ दे," आई म्हणाली. तिने शेंगांची पाटी बाजूला सारली, मला जवळ ओढलं, आणि माझ्या तोंडावरच्या एकेका खड्ड्यावरून हात फिरवत बसली.