पिंपातलं पोवळं

भाच्याचा, सचिनचा, फोन आला तेव्हा मी नागावला अंगणात बोंबील वाळत घालत होते. "आत्या, बाबा गेले..." एवढंच बोलला. माझा दादा गेला, आणि माझ्या डोक्यात काय यावं? आता पिंपातलं पाणी कोण बदलणार! मेल्या मनाला लाज म्हणून नाही.

ते पिंप म्हणजे दादाचं खूळ. जवळ मासळी मिळेना म्हणून त्याची बोट खूप लांब, खोल पाण्यात गेली होती. तळ खरवडून आलेल्या जाळ्यात पोवळ्याची हातभर फांदी मोडून आली. दुसऱ्यानं शोकेसमध्ये ठेवली असती. दादा मात्र समुद्रावरून आला की वाडीत कलमं बांधत बसणारा माणूस. मोडलेली फांदी जगवायची, एवढंच त्याला ठाऊक. पडवीतल्या निळ्या पिंपात त्यानं ती उभी केली आणि रोज भरतीचं ताजं पाणी घालू लागला.

"अरे, वास मारतोय. मेलंय ते," मी म्हणायचे.

"तू गप गं. मूळ धरंल."

गणपतीत शेजारची मुलगी आली. ती समुद्राचाच अभ्यास करते. "काका, हे झाड नाही," ती म्हणाली. "हजारो बारीक जीव एकत्र राहतात हे. खालच्या गार अंधारातच जगतात. बोटभर वाढायला वर्षानुवर्षं लागतात, आणि आता तर खालचं पाणीही बदलत चाललंय." मासे त्यांच्याच आसऱ्याला असतात, हेही ती सांगून गेली. दादाचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हापासून ताटावर बसला तरी त्याचं लक्ष पडवीकडे असायचं.

आमची शेवटची भेट झाली तेव्हाही तेच. "सचिन, ही फांदी आली त्या खुणेवर परत जाळं सोडू नको रं."

"आपण न्हाय सोडलं तर दुसरा सोडंल, बाबा. जवळ मासळी हाय काय आता?"

दादा उठून पिंपापाशी गेला. पोरगंही खोटं बोलत नव्हतं... हेच मला खातं.

तेरावं झालं, आणखी थोडे दिवस गेले. परवा दादाच्या घरी गेले तर सचिन पिंपात कळशी रिकामी करत होता.

"मेलंय रे ते."

"ठाव हाय, आत्या."

"मग त्या खुणेवर जाणार?"

त्यानं कळशी पालथी घातली आणि बोटीवर गेला. बोट अजून आलेली नाही. तोवर पाणी मीच बदलते, नावं ठेवणारी मी! फांदी एका कडेला उभी आहे. पिंपात अजून दोन-चार फांद्या मावतील एवढी जागा आहे, आणि त्या जागेकडे मला बघवत नाही.