शेजारणीच्या अंगणातली हराळी

वडील, म्हणजे आमचे दादा, माझ्याकडे परभणीला आले ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं, या निमित्तानं तरी राहतील. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण दादा माझ्या घरी सलग चार दिवस कधी राहिले नव्हते. लेकीच्या घरी फार राहू नये आणि राहिलंच तर आपलं काही चालवू नये, हा त्यांचा नेम. पंखा लावायचा तरी विचारायचे. भाजीत मीठ कमी पडलं तर मुकाट्यानं तशीच खायचे. खुर्चीवर बसायचे तेसुद्धा कडेला, आताच उठून जायचं असल्यासारखे. मला ते बघवत नव्हतं, पण हळूहळू सवय होईल, असं मी धरून चालले होते.

पंधराएक दिवसांनी दादा मोकळे झाले, पण माझ्या घरात नाही. शेजारणीच्या अंगणात.

ही शेजारीण बँकेत नोकरीला, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. तिला घरापुढे लॉन करायचं होतं, म्हणून तिनं काळ्या मातीची एक ट्रॉली मागवली. ट्रॉली रिकामी होत होती आणि दादा काळा चष्मा लावून आमच्या कंपाउंडच्या भिंतीशी उभे होते.

“ए पोरी, कामून टाकायलीस ही माती? पावसात चिखल, उन्हात भेगा. गवत जीव कुठं धरल?”

मी स्वयंपाकघरात होते. तो खणखणीत आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. शाळेत असताना पिकाला पाणी देताना मी दारं धरायला चुकले की आमच्या गावी, बोरीच्या शेतात तो असाच घुमायचा. माझ्याशी बोलताना तो कधीच इतका हलका झाला होता की पुढं वाकून ऐकावं लागे. तव्यावरची पोळी करपली आणि मला तिचं भान राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दादा चहा घेऊन जे जायचे ते जेवायलाच परत यायचे. धुळीत जायचं नव्हतं, म्हणून तिनं त्यांच्यासाठी व्हरांड्यात खुर्ची मांडली होती, आणि तिथं बसून त्यांचं उंटावरून शेळ्या हाकणं चालायचं. अंगण वीतभर खोदायला लावलं. तळाला मुरूम, वर थोडी काळी माती, तिच्यात वाळू आणि पुरतं कुजलेलं शेणखत. मग घराकडून रस्त्याकडे उतार काढून माती सारखी केली. एवढं झाल्यावर कोणीही बी टाकलं असतं. दादांनी नुसतं पाणी मारायला सांगितलं. जे तण उगवलं ते उपटून टाकलं, परत पाणी, परत तण. जमिनीत दडलेलं सगळं आधी वर येऊ द्यायचं आणि मगच आपलं बी पेरायचं, असं ते तिला समजावत होते. मी शिक्षिका आहे, दिवसभर वर्गात मीच समजावत असते. पण ते ऐकायला मी भिंतीच्या अलीकडे तुळशीला पाणी घालत उभी राहायचे. त्या महिन्यात तुळस जास्तीच्या पाण्यानं पिवळी पडली.

बी तिनं आणलं ते हराळीचंच. दादा पोट धरून हसले म्हणे. जन्मभर कुदळीनं जी खणून बांधावर फेकली, तिचं बी पाकिटात विकतात, हे त्यांना नवीनच होतं. “हराळी आन् भावकी, एकदा शिरली की निघत न्हाई,” असं ते म्हणाले आणि ती किती हसली, हे मला तिनंच येऊन सांगितलं. मला त्यांनी असलं काही कधी ऐकवलं नव्हतं. पाकिटावरची तारीख बघून झाली, तरी दादांचा भरवसा बसेना. सोयाबीनची उगवण बघतात तसं त्यांनी थोडं बी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला लावलं. दादांच्या डोळ्याला ते बारीक दाणे दिसेनात, म्हणून आठ-दहा दिवसांनी किती उगवले ते तिनं मोजलं. दोन डोकी एका फडक्यावर वाकलेली मी माझ्या खिडकीतून पाहिली आणि खिडकी लावून घेतली.

तोवर ती त्यांना काका म्हणायची सोडून दादा म्हणायला लागली होती. तिचे वडील ती लहान असतानाच गेलेले. तिनं हे सांगितलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला ती तिची युक्ती वाटली. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखत होतं.

मग मीही लॉन करायचं ठरवलं. तिच्याहून चांगलं, आणि दादांना काही न विचारता. मनात असं होतं की माझ्या अंगणात काम सुरू झालं की ते आपोआप खुर्ची घेऊन इकडे येतील. बियाण्याच्या दुकानदारानं आधी हराळीचंच पाकीट पुढं केलं. मी म्हटलं, हे नको, याच्याहून भारी दाखवा. त्यानं चकचकीत पाकीट काढलं, वर बंगल्यापुढचं पोपटी गवत. हे थंड हवेचं आहे, इथं टिकेल असं नाही, एवढं तो बिचारा म्हणाला होता. मी ते घेतलं, कारण ते तिच्याकडं नव्हतं. दोन मजूर लावून अंगण चार बोटं उकरून घेतलं, कुठलंसं ओलं शेणखत टाकलं आणि तिनं पेरलं त्याच दिवशी मीही पेरून मोकळी झाले. दादा दारात उभं राहून बघत होते.

आठवड्यात माझं अंगण हिरवंगार झालं. तिच्याकडं अजून नुसती माती. मी दादांना हाताला धरून दाखवायला नेलं.

“चांगलं झालं बाई,” ते म्हणाले. पाहुणा मीठ कमी पडलेली भाजी चांगली झाली म्हणतो, अगदी तसं. आणि चहा पिऊन पलीकडे गेले.

श्रावणात झड लागली. माझ्या अंगणात पाणी तुंबलं, गवत मुळाशी कुजलं आणि त्याच्या जागी शेणखतातून आलेलं गाजरगवत गुडघ्याला लागलं. तिच्याकडं हराळीनं अंगणभर धागे पसरले होते. भिंतीवरून ती सहज बोलून गेली की दादांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. “आमच्या बाईचं बी हितलं न्हाई,” असं तिच्याजवळ म्हणाले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरात येऊन सरळ विचारलं, तिला सगळं सांगता, मग मला का नाही सांगितलं? दादा धोतराचा काठ चाचपत म्हणाले,

“तिला काई बी बोलावं, हसून सोडती. हे जावयाचं घर हाय. लेकीच्या घरात बापानं खोड काढू न्हाई.”

मी म्हणाले, हे माझंही घर आहे. ते हो म्हणाले, तेही पाहुण्यासारखंच. पोळ्याच्या आधी ते बोरीला निघून गेले.

तिच्या लॉनची विचारपूस मात्र चालू राहिली. दर रविवारी ती त्यांना फोन लावते आणि सोमवारी मला ऐकवते की पाणी जास्त दिलं म्हणून दादांनी झापलं. मी फोन केला की जावई बरे हायेत का आणि तब्येतीला जप, एवढंच. पौषातल्या एका रविवारी तिचं लॉनला पाणी घालणं चाललं होतं. मी माझ्या अंगणात उभी राहून फोन लावला.

खोटंच सांगितलं, की परत लॉन करायलेय, चार ट्रॉल्या काळी माती टाकली. “चांगलं हाय बाई,” दादा म्हणाले. वर ताजं शेण पसरलंय, मी म्हटलं. ते खाकरले आणि जावयाला विचारलंस का, एवढंच म्हणाले. मी म्हणाले, हराळीचं बी आणलंय, उद्याच पेरते, चांगलं वीतभर खोल.

पलीकडून तोच खणखणीत आवाज आला.

“डोकं ठिकाणावर हाय का तुझं? पुसाच्या थंडीत हराळी उगवल का? वीतभर खोल पुरायला मढं हाय का ते? एवढी शिकलीस, पोरांना शिकवतीस, आन् शेणाचं खत कवा व्हतं ते कळंना तुला? हात लावू नको कशाला. मी येतो उद्या. जावयाला सांग, म्हातारा महिनाभर हलनार न्हाई.”

शेजारणीनं नळ बंद केला होता आणि ती इकडे बघत होती. मी स्पीकर लावला आणि फोन भिंतीवर ठेवला.

“दादा, नीट ऐकू आलं नाही,” मी म्हणाले. “पुन्हा बोला.”