हरतालिका चालली, साखरेची टेस्ट नाही

आज सकाळी माझी गरोदर नात साखरेची टेस्ट करू की नको, असं विचारत बसली होती. माझी नणंद सोफ्यावरून म्हणाली, "आमच्या वेळी नव्हत्या असल्या टेस्ट. काय बिघडलं?"

वन्सं या ग्रुपवर आहेत, म्हणून इथेच सांगते.

वन्सं, त्र्याहत्तर साली मुलुंडच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या आईला मधुमेह आहे, उपाशीपोटी येऊन रक्त तपासून घे." सासूबाईंनी चिठ्ठी फाडली. "पोटुशीला कोणी उपाशी ठेवतं का?" तुम्ही मान डोलावलीत. त्याच आठवड्यात तुम्ही दोघींनी माझ्याकडून हरतालिकेचा निर्जळी उपास करून घेतलात. नवऱ्याच्या आयुष्यासाठी पोटुशी उपाशी चालते, नाही का?

न तपासलेल्या साखरेने मुलगा पोटातच वाढून साडेनऊ पौंडांचा झाला. जन्मताना त्याचा खांदा अडकला आणि उजवा हात कायमचा लुळा पडला. तुम्ही म्हणालात, नशीब त्याचं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही "काय बिघडलं" विचारणारं कोणीतरी असेलच ना?

नातीने टेस्ट केली. लॅबमध्ये ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास तिच्यापुढे धरला तो तिच्या बापाने, माझ्या त्याच मुलाने. डाव्या हाताने.