उतरून टायर बघण्याआधी

लंडनमधल्या क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसला गाडीने निघालो होतो. घरातला पहिला पदवीधर मी. माझी मूळ प्रमाणपत्रं मागच्या सीटवरच्या बॅगेत होती. सिग्नलला एकाने काच ठोठावली आणि मागच्या टायरमधली हवा गेल्याची खूण केली. आमच्या गावात असं कोणी सांगितलं, तर माणूस उतरून दोन शब्द बोलतो. माझाही हात दाराकडे गेला.

“उतरू नकोस!” शेजारी बसलेला, लंडनजवळच्या वॉटफर्डचा मित्र म्हणाला. “तू टायर बघत बसशील, दुसरा कोणी बॅग उचलेल. दारं लॉक कर आणि हळूच पुढे घे.”

पेट्रोल पंपावर थांबून पाहिलं. टायर ठणठणीत होता.

“बॅग घरूनच डिकीत ठेवून निघायचं, राजा,” मित्र म्हणाला. “आता निदान इथेच ठेव. तिथे पोचल्यावर पार्किंगमध्ये डिकी उघडलीस की बघणारे बघतातच.”

मी बॅग डिकीत ठेवली, आत बसून आधी दारं लॉक केली आणि मगच गाडी सुरू केली.