बुधवारचा उपवास

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत गणपतीत नाटक बसतं आणि त्यातला लबाड सावकार मीच असतो. आवाज दणदणीत, मिशी घरची, त्यामुळे स्पर्धा नाही. एका वर्षी प्रयोगाआधी कपडेपटवाले मामा सावकाराच्या पोटाला बांधायची उशी घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि उशी काखेत मारून परत गेले.

मेकअपच्या खोलीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, नटाला तेवढं यायलाच हवं. प्रयोग रंगला. पण घरी जाताना कानात टाळ्या नव्हत्या, डोळ्यांसमोर ती परत जाणारी उशी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवण कमी केलं. मग आणखी कमी केलं. तेव्हा एक शोध लागला: न जेवणाऱ्याला लोक छळतात, उपवास असणाऱ्याला हात जोडतात. झालं! सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. शिवाय एकादश्या आणि चतुर्थ्या होत्याच. तेही निरंकार, खिचडीबिचडीची सूट नाही. साबुदाणा समोर आला की मी डोळे मिटून अशी काही मान हलवायचो, की वाढणाऱ्यालाच पाप लागल्यासारखं व्हावं. सोसायटीतल्या बायका नवऱ्यांना माझे दाखले देऊ लागल्या. एकीने तर जिन्यात वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला.

"काय बारीक झालात हो! करता काय?" पुरुष विचारायचे.

"त्याची कृपा," मी वर बोट दाखवायचो.

कृपेने माझी दैना केली होती. मे महिन्यात अंगात स्वेटर, जिना चढताना चक्कर, कंगव्यात केसांचे पुंजके. एवढं करून आरशात दिसायचा तो उशी न लागणारा सावकारच. बायको विचारायची, "तुला होतंय तरी काय?" मी म्हणायचो, "साधना." ती माझं ताट झाकून ठेवायची आणि बराच वेळ ओट्यापाशीच उभी राहायची.

मुरलेला नटही कधीतरी वाक्य चुकतो. सासूबाई आमच्याकडेच राहतात. एका दुपारी त्या आमटी वाढायला आल्या आणि मी सवयीने ताटावर हात धरला. "आज उपवास."

डाव हवेतच थांबला. "जावईबापू, वार कोणता आज?"

"बुधवार."

"मग आज कोणासाठी उपाशी आहात?"

मी मनातल्या मनात सगळे देव धुंडाळले. "विठोबाचा वार असतो ना," मी चाचरलो.

"वार त्याचाच. पण त्याला एकादशी पुरते. बुधवारी त्याने कुणाला उपाशी ठेवल्याचं मी ऐकलं नाही." त्यांनी डाव खाली ठेवला. "बरं, असेल. सोडणार कधी?"

"काय?"

"उपवास. धरला की सोडायचा असतो. तुम्ही गणपतीत धरलाय, सोडताना मी काही पाहिलं नाही. न सुटणाऱ्याला उपवास म्हणत नाहीत हो. दुखणं म्हणतात."

मी हसायला तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. "मला खायची भीती वाटते," मी म्हणालो. तालीम न केलेलं इतक्या महिन्यांतलं ते पहिलंच वाक्य. बायको शेजारी येऊन बसली आणि तिने माझा स्वेटरातला हात धरला.

मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हा खाण्याचा आजार आहे. पुरुषांनाही होतो. बाकीचे त्याला डाएट म्हणतात, तुम्ही भक्ती म्हणालात." बाहेर बाकावर एक दणकट तरुण बसला होता, दंड माझ्या मांडीएवढे. त्याला म्हणे आपण काडीसारखे दिसतो असं वाटायचं. मी त्याला म्हटलं, "आपण आरसे बदलून पाहू या का?" तो पहिल्यांदा हसला.

पुढचं काम सावकाश चाललं. औषधं, डॉक्टरबाईंशी बोलणं, आणि ठरल्या वेळी जेवण. मऊ भात, वरण, तूप, लिंबाची फोड. सासूबाई समोर बसायच्या आणि दर जेवणाला म्हणायच्या, "सोडा आता." कधी दोन घासांत रडू यायचं, कधी ताट रिकामं व्हायचं. त्या वर्षी सावकार दुसऱ्याने केला. वाईट केला, हे सांगायला मला आजही आनंद होतो.

यंदा मी परत उभा राहिलो. मामा उशी घेऊन आले. आता मी ना धड तेव्हासारखा, ना धड मधल्यासारखा. ते माझ्याकडे बघतात, उशीकडे बघतात, आणि जुनं सगळं आठवून अख्खी खोली माझ्याकडे बघते.

"द्या इकडे," मी म्हटलं. उशी खुर्चीवर टाकली, तिच्यावर ऐसपैस बसलो आणि नटमंडळींसाठी आलेल्या ताटातला बटाटेवडा उचलला. जरा वेळ लागला, खोटं कशाला बोलू? पण वडा तोंडापर्यंत पोचला.

दारातून सासूबाई डोकावल्या. "वार कोणता हो आज?"

"बुधवार!" मी भरल्या तोंडाने ओरडलो.