पसंत पडली तरच

शेवटच्या दिवशी आम्ही नवरा-बायको कॉम्प्युटरवर पत्ते खेळलो. भूकंपातून वाचलेली बाई, तापानं गेली. मागोमाग कॉम्प्युटर बंद पडला. हिचे सगळे फोटो त्यातच.

लातुरात ट्यूशन क्लासच्या गल्लीत एका मेकॅनिककडं तो नेला. नाव विचारलं न्हाई. पेनड्राइव्ह तीनदा फुंकून लावायचा.

"चाचा, ही कॉम्प्युटर चालवायची दुसरी सिस्टिम. लोकांनी मिळून बनवली, फुकट हाय."

"फुकट? खोट काय हाय?"

"आधी नुसती बघा. जुनं काही पुसत न्हाई. पसंत पडली तरच बसवू."

पेनड्राइव्हवरनं कॉम्प्युटर चालू झाला, फोटो उघडले. ही हसत होती. पत्तेही निघाले.

"बसवू?"

"उद्या कळवतो."

हिला बघून माझा बापही असंच बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरेचा पुडा घेऊन त्याच्या दुकानात गेलो.