काकांची साइट

माणसाच्या आधी त्याच्या अंगणातल्या मातीची विचारपूस करणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे बंगळुरात बसवनगुडीला आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे काका. नातं काहीच नव्हतं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा जिन्यात भेटलेल्या पहिल्या मराठी माणसाला काका म्हणालो, आणि ते कायमचे काका झाले. मूळचे नागपूरचे, हयात सरकारी प्रयोगशाळेत माती तपासण्यात गेलेली. कुणी जेवायला बोलावलं तर यजमान दारात हात जोडून उभे, आणि काका फाटकाशीच कुंडीवर वाकून चिमूटभर माती बोटांत चोळत असायचे. "याच्यात गुलाब काहून लावला?" हाच त्यांचा नमस्कार. भाजीवाल्या अक्काला ते भाव नंतर विचारत, आधी वांगी कुठल्या मातीतली ते. ती "होसकोटे, सार" म्हणायची, तर यांचा पुढचा प्रश्न, होसकोट्यात कुठली, तळ्याजवळची का? मागची गिऱ्हाइकं कुरकुरली की त्यांना "स्वल्प थांबा ना बाप्पा" असं समजावायचे. बनशंकरीला भाचीच्या लग्नात मुलीला मांडवात आणायचं तर मामाचा पत्ता नाही. काकू शोधत गेल्या, तेव्हा हे कार्यालयामागे मांडवाच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्याशी उकिडवे बसलेले. "इथे कोणीतरी जळकं ऑइल ओतलं आहे, तेच पाहून राहिलो," असं म्हणत ते उठले आणि मातीच्याच हातांनी भाचीला घेऊन मांडवात शिरले.

काकू या सगळ्याला सरावल्या होत्या. बदल्यांच्या नोकरीत त्यांनी किती भाड्याची घरं लावली आणि मोडली, ते त्याच जाणोत. आता आपलं घर हवं, एवढंच त्या म्हणत. म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या ओळखीच्या नोकरदारांनी मिळून गृहनिर्माण सोसायटी काढली, तेव्हा सगळ्यांत आधी नाव काकूंनी घातलं. जमीन होसकोट्याच्या वाटेवर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका जुन्या लष्करी डेपोची. डेपो कधीच उठला होता. मोडक्या शेड, गंजलेले पत्रे आणि कमरेएवढं गवत उरलं होतं. स्वस्त मिळाली म्हणून आम्ही सगळे खूश. जागा बघायला गेलो तेव्हा बायका स्वयंपाकघर कुठल्या बाजूला येईल ते बोलत होत्या, आणि काका एका शेडच्या मागे जे दिसेनासे झाले ते तासाभराने परत आले. त्यांनी सगळ्यांना चपला झटकायला लावल्या, मुलांचे हात स्वतः धुतले, आणि काकूंनी आणलेला चिवडा डब्यात परत भरून ठेवला.

त्या शेडमध्ये पूर्वी लष्करी गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त व्हायच्या. त्यातलं शिसं आणि ॲसिड वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं होतं. काकांनी जागोजागची माती तपासून आणली आणि सभेत उभे राहिले. लहान मुलं मातीत खेळतात, हात तोंडात घालतात, शिसं पोटात गेलं की डोक्याची वाढ खुंटते, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, बंगळुरात आता शुद्ध असं काय उरलंय? बांधकाम झालं की माती दिसणारसुद्धा नाही."

"दिसणार नाही, हेच तर सांगून राहिलो," काका म्हणाले.

त्यांनी हट्ट सोडला नाही. वरची माती खणून काढायची, चिकणमातीचं अस्तर दिलेल्या खड्ड्यात ती पुरायची आणि वर बाहेरची लाल माती टाकायची, हे काम करून घेतल्यावरच ते स्वस्थ बसले. घरं लांबणीवर पडली. लोक त्यांना टाळू लागले. तरी हा माणूस उन्हात टोपी घालून खणणाऱ्या यंत्रामागे फिरायचा आणि ड्रायव्हरला "अण्णा, इन्नू स्वल्प" म्हणत आणखी खोल न्यायचा. सगळी जमीन ताळ्यावर आली. बॅटरीच्या शेडखालची तेवढी येईना. कितीही खणलं तरी खालून तसाच निकाल यायचा. शेवटी कमिटीने तिथेही लाल माती पसरली, "सरी, ठीक आहे, झालं" म्हणाली आणि साइटच्या, म्हणजे घरांच्या प्लॉटच्या, चिठ्ठ्या काढल्या.

काकांना पूर्वेकडची कोपऱ्याची साइट लागली. काकूंनी मला त्या दिवशी दोनदा शिरा वाढला. शेडची जागा लागली आमच्या ऑफिसातल्या एका तरुण जोडप्याला. त्या मुलीला तेव्हा सातवा महिना होता.

त्यानंतर जे झालं त्यावर सोसायटी वर्षभर हसली. काका त्या जोडप्याकडे गेले आणि म्हणाले, कोपऱ्याची साइट वास्तुशास्त्राप्रमाणे आम्हाला लाभत नाही, कृपा करून बदलून द्या. ज्यांनी जन्मभर वास्तूवाल्यांची टिंगल केली, तेच हे काका. ईशान्य कोपरा म्हणजे काय हेही त्यांना धड माहीत नसावं. त्या तरुणाने आनंदाने साइट बदलून दिली आणि ही गंमत सगळीकडे सांगितली. सेक्रेटरी दिसले की विचारायचे, "काय काका, आता ग्रह बरे आहेत ना?" काका मान डोलवायचे. "बरे आहेत."

मी एकदा जिन्यात गाठून विचारलं, तर म्हणाले, "त्या पोरीला खरं सांगितलं असतं तर उरलेले दोन महिने ती झोपली असती का रे?"

त्या साइटवर काकांनी घर बांधलं नाही. कुंपण घातलं आणि मोहरी पेरली. मोहरी जमिनीतलं शिसं थोडंफार ओढून घेते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पीक आलं की स्वतः उपटायचे आणि एक काडी गाईच्या तोंडी जाऊ द्यायचे नाहीत. माती पुन्हा तपासायचे, पुन्हा पेरायचे. "या वेळी फरक आहे," असं ते दर वेळी म्हणत. तेवढा फरक घर बांधायला कधीच पुरला नाही. आम्हा बाकीच्यांची घरं उभी राहिली, वास्तुशांती झाल्या. प्रत्येक वास्तुशांतीला काका-काकू वेळेवर आले आणि जेवून भाड्याच्या घरी परतले. मग एका हिवाळ्यात काकांना छातीचं दुखणं झालं आणि आठवड्याभरात ते गेले.

काकू नागपूरला भावाकडे जायला निघाल्या. मी सामान बांधू लागलो. त्या साइटला गिऱ्हाईक आलं होतं, काकूंनी त्याला परत पाठवलं. बोलता बोलता मी विचारलं, साइट बदलण्याआधी काकांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?

काकूंनी हातातल्या साडीची घडी ट्रंकेत ठेवली.

"मला खरं सांगितलं," त्या म्हणाल्या. "सगळं. त्या मुलीचं, बाळाचं. वास्तूचं कारण माझ्याही गळी उतरवलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं रे मला."